मास्तरांची मुकी पट्टी

मास्तरांच्या अंगणात, पेरूच्या झाडाशेजारी, कमरेइतका खोल एक खड्डा होता आणि त्या खड्ड्यात बसून ते ऑर्गन वाजवत. हे मी आधीच सांगून टाकते. पुढे नागपूरला ज्यांना ज्यांना मी हे हळूहळू, प्रस्तावना करून सांगितलं, त्यांनी माझ्याकडे फार काळजीने पाहिलं.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. स्टेजच्या पुढ्यात खड्डा खणतात आणि वाजवणारे त्यात बसतात, म्हणजे मागच्या माणसालाही नट अख्खे दिसतात. मास्तरांचं उभं आयुष्य असल्या खड्ड्यांत गेलं. गुडघ्यांना गावोगावचा प्रवास सोसेना तेव्हा ते बायकोच्या माहेरी, म्हणजे धानोऱ्याच्या पुढे आमच्या गावी, कायमचे राहायला आले. आठ दिवस त्यांनी ओसरीत बसून ऑर्गन वाजवून पाहिला. नवव्या दिवशी कुदळ हातात घेतली.

गावाला वाटलं, विहीर. ग्रामसेवकाला वाटला शोषखड्डा, तो शाबासकी देऊन गेला. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच सांगत, "खंदू द्या त्यायले. दारू पेत नाई, पत्ते खेळत नाई. खड्डाच खंदते बिचारा."

चार माणसांनी मिळून ऑर्गन खाली उतरवला. वर टिनाचं छप्पर घातलं, पावसाचं पाणी येऊ नये म्हणून भोवती मातीचा बांध घातला. ऑर्गन पुन्हा वर काढायचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. गावातल्या एका बकरीला मात्र ती जागा भलती आवडली. उन्हाळ्यात ती दुपारीच येऊन ऑर्गनच्या पायाने चालवायच्या भात्याशी बसायची आणि मास्तर तिला न उठवता, पाय आखडून वाजवायचे.

आम्ही शिकणारी पोरं वर ओट्यावर उभी राहायचो. बसून गायची पद्धतच नव्हती. मास्तर खाली मान घालून वाजवत, त्यामुळे आम्हाला त्यांचं फक्त टक्कल दिसे. सातवीपासून बारावीपर्यंत मी मास्तरांच्या टकलाकडे पाहून गाणं शिकले. एकदा मी विचारलं, "मास्तर, तुमी वर काऊन पाह्यत नाई?"

"गानाऱ्यानं वाजवनाऱ्याचं तोंड पाह्यलं का त्याले समजते, आपलं चुकलं. मंग तो घाबरते. तू टक्कल पाह्य. टक्कल काई सांगत नाई."

त्यांची स्तुतीही तशीच, काही न सांगणारी. वाहवा, शाब्बास असले शब्द त्यांच्याकडे नव्हतेच. फार चांगलं झालं तर "चालते" म्हणत. मला सहा वर्षांत ते चार-पाच वेळा मिळालं असेल, आणि प्रत्येक वेळी मी घरी पळत गेले.

त्यांच्या ऑर्गनची एक काळी पट्टी मुकी होती. दाबली की नुसता लाकडाचा आवाज. आमची गायची जी ठरलेली उंची होती तिच्यात नेमका तिथे कोमल निषाद यायचा. ती मुकी कशी झाली याच्या मास्तरांकडे बऱ्याच कथा होत्या. कधी उंदराने आतलं चामडं कुरतडलं, कधी तिच्यावर चहा सांडला, कधी तलवारबाजीच्या प्रवेशात राजाच स्टेजवरून थेट पट्ट्यांवर येऊन पडला. खरं काय ते काकूंनी सांगितलं. नागपूरचा दुरुस्तीवाला म्हणाला होता, पंधरा दिवस पेटी ठेवून जा. पंधरा दिवस ऑर्गनशिवाय राहायचं म्हटल्यावर मास्तर त्याच्या दुकानातून ऑर्गनसकट परत आले.

मग त्यांनी तोड काढली. गाण्यात ती जागा आली की बोट उचलायचं आणि तो सूर गाणाऱ्याने स्वतःच्या गळ्यातून भरायचा. "तेवढा तुमच्याकडं," ते म्हणत. "बाकीचे मी पाह्यतो." नव्या पोराला सुरुवातीला ते स्वतः तो सूर म्हणून दाखवत. मग पोराने तो इतका घोटायचा, की ढेकर द्यावी इतक्या सहज आला पाहिजे. आम्हाला यात काही वेगळं वाटत नसे. सगळ्याच पेट्यांत एखादा सूर माणसाने घालायचा असतो, असंच मी पुष्कळ दिवस धरून चालले होते.

बारावीचा निकाल लागला आणि घरात नर्सिंगचा विषय सुरू झाला. माझे बाबा वनरक्षक, आमच्याकडे त्यांना नाकेदार म्हणतात. आयुष्यभर जंगलात फिरलेला हा माणूस झाडावर विश्वास ठेवायचा नाही, झाडावरच्या नंबरावर ठेवायचा. कागद पाहिजे, कागदावर शिक्का पाहिजे. नर्सिंगच्या शेवटी कागद मिळतो आणि कागदाच्या शेवटी नोकरी, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. गाण्याच्या शेवटी त्यांना खड्डा दिसत होता. तो तर आमच्या घरापासून तीन घरं सोडून होता.

मला नर्सिंगची काही घृणा नव्हती. पण मला गाणंच शिकायचं होतं, आणि ते इतकं हवं होतं की मी दोन दिवस जेवण सोडून पाहिलं. बाबांनीही सोडलं. तिसऱ्या दिवशी आई दोघांवर ओरडली आणि दोघेही जेवलो, प्रश्न होता तिथेच राहिला.

अशात मोबाइलवर नागपूरच्या एका कॉलेजची माहिती दिसली. ललित कला शाखा, त्यात संगीताची चार वर्षांची पदवी. धानोऱ्याला जाऊन मी ती सगळी पानं छापून आणली आणि मास्तरांच्या खड्ड्यात नेऊन दिली. मे महिना होता. मास्तरांनी बकरीला जरा सरकवलं, चश्मा लावला आणि परीक्षा असल्यासारखं वाचायला बसले.

"मुख्य विषय गायन. हे बरोबर हाय. संगं एक वाद्य. हेही बरोबर. पन हे चित्रकलेचा परिचय कायले?"

"ललित कलेत चित्रबी येते न मास्तर."

त्यांनी विचार केला. "येऊ दे. पडदे रंगवाले कामी येईन." मग ते एका शब्दावर अडले. "सौंदर्यशास्त्र. हे का असते व?"

मला माहीत नव्हतं. काकूंना विचारलं, त्यांनाही नव्हतं. मास्तर म्हणाले, "ठेव बाजूले. पह्यले तुह्या बापाचं पाहू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. हातात गुंडाळी होती. जुन्या नाटकाच्या पोस्टरची पाठकोरी बाजू वापरून त्यांनी माझ्या पदवीचं नियोजन करून आणलं होतं. बाबांनी कागद मागितला होता ना, मग कागद. पण मास्तरांना लिहायचा एकच प्रकार येत होता, नाटकाच्या जाहिरातीचा. निळ्या-लाल शाईत, ठळक अक्षरांत लिहिलं होतं :

यंदाच्या हंगामात प्रथमच! चार अंकी, संगीतमय, कौटुंबिक! 'पोरीची पदवी' अर्थात 'बापाचा जीव भांड्यात'!

खाली अंक मांडले होते. अंक पहिला : नायिका नागपुरात येते. गायन, जोडीला हार्मोनियम, कलेचा इतिहास. हॉस्टेलचे जेवण बेचव. नायिका रडते. अंक दुसरा : नायिका रडायची थांबते. पहिल्या वर्षाच्या दुप्पट राग. पडदे रंगविणे. अंक तिसरा : नायिका एकटीने मैफल करते. खास आकर्षण, सौंदर्यशास्त्र! अंक चौथा : अंतिम परीक्षा, पदवी, शाळेत संगीत शिक्षिका अथवा पुढील शिक्षण. बाप पहिल्या रांगेत. आणि अगदी तळाशी : शेवट गोड आहे, लहान मुलांना सोबत आणावे.

बाबांनी ते उभ्याने वाचलं. मग खाटेवर बसून पुन्हा वाचलं. मी दाराआड उभी होते आणि मला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

"मास्तर," बाबा म्हणाले, "पह्यल्या अंकात रडाची का गरज होती?"

"भाऊ, दुसऱ्यात थांबते न. पह्यल्या अंकात नायिका नाई रडली तं पुढं पब्लिक बसत नाई."

"हं. अना नोकरी नक्की लागते?"

इथे मास्तर खोटं बोलू शकले असते. ते म्हणाले, "नक्की तं पानीबी येत नाई भाऊ. पन पोरगीचा सूर पक्का हाय. तेवढं मी लिवून देतो."

"शिक्का कुठी हाय याच्यावर?"

मास्तर उठले, तरातरा घरी गेले. काकूंनी ट्रंकेतून त्यांच्या जुन्या नाटक मंडळीचा रबरी शिक्का शोधून दिला. शाई वाळून गेली होती. मास्तरांनी त्यावर चांगली जोरात वाफ सोडली आणि आमच्या ओसरीत गुडघे टेकून कागदाच्या कोपऱ्यात शिक्का उमटवला. खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं, 'ऑर्गनवादक'.

बाबांनी कागद लांब धरला. "आता कागद दिसते," म्हणाले.

तरी अट होतीच. कॉलेजची प्रवेश परीक्षा गुरुवारी, नर्सिंगचा फॉर्म द्यायची शेवटची तारीख शनिवारी. गुरुवारी घेतलं तर गाणं, नाही घेतलं तर शनिवारी नर्सिंग. पुढच्या वर्षी पुन्हा बघू वगैरे काही नाही. फॉर्म भरून, फोटो चिकटवून बाबांनी आपल्या पिशवीत ठेवला. त्या पिशवीसकट मी, बाबा आणि मास्तर असे तिघे नागपूरला निघालो.

साथीला स्वतःचा माणूस आणायची परवानगी होती, पण ऑर्गन काही खड्ड्यातून निघणार नव्हता. कॉलेज हार्मोनियम देणार होतं.  मास्तरांनी लग्नातला कोट घातला होता आणि डोक्यावर, मी कधीच न पाहिलेली, एक काळी टोपी होती. आरमोरीच्या पुढे त्यांनी मला विचारलं, "तेथी खड्डा असन का?"

"नसन मास्तर."

"थोडा तरी?"

खड्डा नव्हता. मोठी स्वच्छ खोली होती, एका बाजूला वीतभर उंचीचं व्यासपीठ, त्यावर सतरंजी. समोर खुर्च्यांवर दोन परीक्षक होते, एक चश्मेवाल्या बाई आणि एक सर. सर म्हणाले, बस. मी उभीच राहिले. पुन्हा म्हणाले, तेव्हा लक्षात आलं की इथे बसून गातात. बसले. पोट दुमडलं, श्वास कुठे घ्यायचा ते समजेना. मास्तरांना सतरंजीवर माझ्या शेजारी जागा दिली होती. त्यांनी सतरंजीकडे पाहिलं, खाली फरशीकडे पाहिलं, हार्मोनियम उचलली आणि व्यासपीठाच्या खाली, माझ्या पायांशी, फरशीवर जाऊन बसले.

"अहो, वर बसा ना," बाई म्हणाल्या.

"नाई बाई. वीतभर का होईना, खाली पायजे."

 बाहेर दाराशी बाबा पिशवी छातीशी धरून उभे होते. नर्सिंगच्या फॉर्मचा कोपरा पिशवीतून वर आलेला मला इथून दिसत होता. मास्तरांनी भात्यावर हात ठेवला. मग काहीतरी आठवल्यासारखं थांबले आणि टोपी काढून मांडीखाली घातली. ते ओळखीचं टक्कल समोर आलं. मी श्वास घेतला.

भीमपलास गायले. सुरुवात बरी झाली. कोमल निषाद आला आणि मास्तरांचं बोट सवयीने वर उचललं गेलं. ती हार्मोनियम नवी कोरी होती, तिची एकूण एक पट्टी बोलत होती, पण मास्तरांच्या बोटाला ते कोण सांगणार? पेटी गप्प झाली आणि मी नेहमीसारखा तो सूर एकटीने, खणखणीत लावला. पुढे गेलो. पुन्हा निषाद, पुन्हा बोट वर, पुन्हा मी एकटी. आम्हा दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. चौथ्या वेळी बाईंनी हात वर केला.

"थांबा. पेटी बिघडली आहे का?" त्या उठून आल्या, वाकून ती काळी पट्टी दाबली. स्वच्छ सूर आला. "ही तर वाजते. मग दर वेळी हाच सूर तुम्ही का सोडता?"

मास्तरांचे कान लाल झाले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पेटीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि ते म्हणाले होते ते खरंच होतं. तोंड पाहिलं की सगळं समजतं. ते घाबरले होते. स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी.

"बाई," ते म्हणाले, "आमच्या घरी हा सूर पोरगी लावते."

सर हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांना पुन्हा विचारलं, आणि मग मास्तरांनी सगळं सांगितलं, दुरुस्तीवाला, पंधरा दिवस, खड्डा. उंदीर आणि राजा त्या दिवशी त्यांनी मधे आणला नाही. ऐकून झाल्यावर बाईंनी हार्मोनियमचा भाता बंद केला. तंबोरा लावलेला मोबाइल बंद केला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

"आता तो सूर लाव बरं. काही आधार नाही. थेट."

मी मास्तरांच्या टकलाकडे पाहिलं आणि सूर लावला. तो लागायला मला काही करावं लागलं नाही, ढेकर द्यावी तसा आला. बाईंनी तो लांबवायला लावला. मग हळूच वाकून भाता हलवला आणि पट्टी दाबली. पेटीतला सूर आणि माझा सूर एक झाला, मला माझा आवाज ऐकूच येईना.

बाई पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या, काहीतरी लिहिलं. सरांनी मास्तरांना विचारलं, "किती जणांना असा शिकवलात हा सूर?"

"जे आले त्यायले," मास्तर म्हणाले. "पेटीच तशी हाय न साहेब."

चार वाजता यादी लागली. माझं नाव तिसरं होतं. बाबांनी यादीवर बोट ठेवून नाव वाचलं, आपलंच नाव माझ्या नावापुढे आहे ना ते पाहिलं, मग यादीच्या खाली शिक्का आहे का ते पाहिलं. होता. तिथेच पायरीवर बसून त्यांनी नर्सिंगचा फॉर्म काढला, त्याच्यावरचा माझा फोटो नखाने अगदी सावकाश, कोपरा न फाटू देता सोडवला आणि माझ्या हातात दिला. "घे. कॉलेजच्या फॉर्मवर लाव. नवा कायले काढतं," म्हणाले. बाबा रडले नाहीत, पण नाक बराच वेळ पुसत होते. मी मात्र पहिला अंक सुरू व्हायच्या आधीच रडून घेतलं.

मास्तर कुठे दिसेनात. शोधत गेले तर परीक्षेच्या रिकाम्या खोलीत, फरशीवर तसेच बसलेले. भाता हलवत ते ती एकच काळी पट्टी दाबत होते. सोडत होते, पुन्हा दाबत होते.

"वाजते न व ही," ते म्हणाले. मग टोपी घातली आणि उठता उठता, दुसरीकडे पाहत म्हणाले, "चालते."

परतीच्या बसमध्ये बाबा खुशीत होते. सगळ्या बसला त्यांनी कुठून आलो ते सांगितलं. मास्तर खिडकीशी बसले होते. एकदम म्हणाले, "भाऊ, पोरगी तं चालली. बाकीची पोरं अजून कच्ची हायेत. आता माह्या त्या सुराचं कसं?"

"पट्टी दुरुस्त करून घ्या मास्तर. मी येतो संगं."

मास्तरांनी बाबांकडे असं पाहिलं, जणू बाबांनी काकूंनाच बदलून घ्या म्हटलं होतं. मग तोंड खिडकीकडे वळवलं.

पुढचं सगळं कागदात लिहिल्याप्रमाणेच झालं. हॉस्टेलचं जेवण बेचव निघालं आणि मी रडले. बाबांचा दर रविवारी फोन यायचा. पोस्टर त्यांनी घरात भिंतीला लावलं होतं आणि त्यावरून ते मला विचारायचे, "रडनं झालं का? आता पुढचं का हाय तेथी?"

पहिल्या दिवाळीला मी घरी गेले. बस संध्याकाळी गावात आली. पिशव्या घेऊन मी आमच्या घराकडे निघाले तर मास्तरांच्या अंगणातून ऑर्गन ऐकू आला. भीमपलासच होता. माझे पाय आपोआप तिकडे वळले. फाटकापाशी पोहोचले तेव्हा सूर चढत चढत त्या जागेपाशी आले. मास्तरांचं बोट उचललं गेलं असणार, कारण ऑर्गन थांबला. मीच तो सूर लावायला तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात तो सूर आला. जाडाभरडा, खोकल्यासारखा, बराच उतरलेला. ओट्यावर, माझ्या जागेवर, खाकी पँटीत बाबा उभे होते. जंगलातून थेट आले असावेत, काठी हातातच होती. मान सरळ, डोळे खाली टकलावर.

खड्ड्यातून मास्तरांचा आवाज आला, "थोडा वर भाऊ. अजून थोडा."

बाबा टाचा उंचावून उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा सूर लावला.